बोळकीचे दोन दात

बाईंचे वडील घोड्यांचे दलाल होते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं कुणाला पटायचं नाही. घोड्याचा ओठ वर करायचा, दात बघायचे आणि वय सांगायचं, ही त्यांची विद्या. बाईंनी ती अनाथाश्रमात आणली. जन्माचा दाखला नसलेलं पोर दारात आलं की बाई म्हणायच्या, "आ कर." पोर आ करायचं, बाई दोन बोटांनी ओठ उचलायच्या आणि वहीत वय लिहून मोकळ्या व्हायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी जांभई दिली, तर बाईंनी चहाचा कप पुढे करता करता त्यांना निवृत्तीची तारीख सांगितली. साहेबांनी घरी जाऊन कागद पाहिले. चार दिवसांचा फरक निघाला, आणि तोही कागदाच्याच चुकीनं.

अशा या बाई आयुष्यात एकदाच चुकल्या, आणि त्या चुकीचं ओझं थोरलीनं दहा वर्षं वाहिलं.

थोरली आणि बोळकी एकाच दिवशी, एकाच गाडीतून आश्रमात आल्या. संध्याकाळची वेळ, त्यात दिवे गेलेले. बाईंनी मेणबत्ती धरून एकीचं तोंड पाहिलं; दात जागच्या जागी, आठ वर्षं लिहिली. दुसरीच्या तोंडात वरचे पुढचे दोन दात नव्हते. पुढे काही बघायच्या आत पोरीनं तोंड मिटलं ते उघडेचना. बाईंनी सहा लिहिली आणि वही बंद केली.

झालं. तेव्हापासून एक थोरली, दुसरी बोळकी. पाण्याची बादली कुणी उचलायची? थोरलीनं, बोळकी लहान आहे. खिडकीजवळची खाट कुणाला? बोळकीला, ती लहान आहे. काच बोळकीनं फोडली तरी बोलणी थोरलीनं खायची, कारण मोठ्यांनी लक्ष ठेवायला नको? आणि बोळकी अशी बेरकी, की कामाचं नाव निघालं की तिचा चेहरा आपोआप सहा वर्षांचा व्हायचा.

दात मात्र आले नाहीत. बाई दर वर्षी तोंड बघून वहीत लिहायच्या, "पुढचे दोन यायचे आहेत." पोरगी वाढली, बाईंच्या खांद्याला लागली, तरी दात यायचेच होते. "काहींना उशिरा येतात," बाई म्हणायच्या. आपल्या विद्येवर शंका घेण्यापेक्षा दातांची वाट बघणं त्यांना सोपं वाटत होतं.

आणि आता थोरलीला अठरा पूर्ण होत होती. अठरा झाली की आश्रम सोडायचा, हा नियम. सोमवारी तिला निघायचं होतं. ती सहा महिने एका बाइंडरीत छापील कागदांच्या घड्या सुईदोऱ्यानं शिवायला जात होती. बाइंडरीवाल्या काकूंची वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, पण त्यांची अट एकच.

"एकटी पोरगी मला वर नको," काकू म्हणाल्या होत्या. "आजारी पडलीस तर जिन्यावर धावणार कोण, मी? माझे गुडघे बघ. दोघी या. सोमवारपर्यंत कुलूप लावून ठेवते."

दोघी म्हणजे दुसरी कोण, हे सांगायची गरज नव्हती. पण दुसरी वहीप्रमाणे सोळाची. खोली गेली तर थोरलीची रवानगी पार दुसऱ्या टोकाच्या वसतिगृहात, आणि बोळकी आणखी दोन वर्षं इथे.

शनिवारी दुपारी दोघी गच्चीवर चादरी पिळत होत्या. म्हणजे थोरली पिळत होती. बोळकीनं दुसरं टोक नुसतं धरलं होतं.

"पीळ ना गं."

"मनगट दुखतं."

"तोंड दुखत नाही ते कधी." थोरलीनं चादर झटकली. "परवा मी जाणार. कळतंय का तुला? मग ही टोकं कोण धरणार ते बघ."

बोळकीनं परकराच्या खिशातून एक जुनी काडेपेटी काढली आणि कठड्यावर ठेवली. "ही दाखव बाईंना."

थोरलीनं पेटी उघडली. आत कापसावर दोन दात होते. चांगले लांब मुळांसकट.

"अगं, ठेवलेस तू हे?"

"माझेच आहेत. टाकू कशाला?"

थोरलीनं पेटी मिटून कठड्यावर ठेवली. आश्रमात पाऊल टाकल्यावर घटकाभरात, बाईंनी तोंड बघायच्या आधीच, मागच्या अंगणातला झोका तिनंच ढकलला होता. बोळकी "पुरे, पुरे" म्हणत असताना ढकलला होता. झोका सुटला आणि बोळकीचं तोंड पुढच्या दगडी पायरीवर आदळलं. रक्त गिळून बोळकीनं तोंड मिटलं, आणि थोरलीही गप्प बसली. पहिल्याच दिवशी कुणी परत धाडलं, तर जायचं कुठे?

"दुधाचे दात असे नसतात," बोळकी म्हणाली. "दुधाच्यांची मुळं झिजून जातात. परवा इथल्या एका धाकट्या पोरीचा पडला तेव्हा पाहिला मी."

"म्हणजे तू तेव्हाच आठाची होतीस?"

"असेन."

"आणि दहा वर्षं बादल्या माझ्याकडून वाहून घेतल्यास?"

"झोका कुणी ढकलला होता?"

थोरलीला आणखीच संताप आला. "आधीच सांगितलं असतंस तर?"

"मग सांगावं लागलं असतं ना, कुणी ढकललं ते." बोळकी चादरीच्या टोकाकडे बघत म्हणाली. "तू सांगशील तेव्हा दाखवू, म्हटलं. तू काही बोललीच नाहीस."

थोरली वळली. ओल्या हातानंच काडेपेटी उचलली आणि जिना उतरून थेट बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. झोका, पायरी, रक्त, सगळं एका दमात सांगून टाकलं. मध्ये थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. मागे दारात बोळकी एका पायावर उभी होती.

बाईंनी भिंग काढलं. एक दात बघितला, दुसरा बघितला. मग पहिला पुन्हा उलटून बघितला.

"दहा वर्षं," बाई शेवटी म्हणाल्या. "दहा वर्षं मी या दोघांची वाट बघतेय, आणि हे माझ्याच छपराखाली काडेपेटीत." त्यांनी कपाळ चोळलं. "माझे वडील असते तर मला तबेल्यातच झोपायला लावलं असतं. तू ढकललंस, ही गिळून बसली, आणि मी वहीत लिहीत बसले. तिघींत शहाणी कोण ते सांगा."

बाईंनी वही ओढली आणि सहाच्या आकड्यावर रेघ मारली. मग थांबल्या. पुन्हा भिंग उचललं.

"आठ नव्हे गं. कडा झिजलीय. नऊ."

सोमवारी दोन ट्रंका, एक बादली आणि एक शिवणाची सुई घेऊन दोघी काकूंच्या जिन्याखाली पोचल्या. जिना अरुंद, नळ खाली, खोली वर. थोरलीनं बादली भरून बोळकीपुढे ठेवली आणि हात झटकले.

"उचल. मोठी तू आहेस आता. वहीत आहे."

बोळकीनं बादलीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि दातांच्या खिंडारातून हवा सोडत आरामात पहिली पायरी चढली.

"मोठ्यांनी सांगितलेलं ऐकावं," ती म्हणाली. "आण वर. सांडू नकोस."

थोरलीनं दात-ओठ खात बादली उचलली. वरून काकू ओरडल्या, "दोघी आहात ना?"

"दोघीच," थोरली धापा टाकत म्हणाली. "काय करता, दुसरी मिळेना."