राजाला झोप लागली

चष्मेवाल्याला कॉलेजपासून एकच खूळ होतं. जुनी, अभिजात नाटकं करायची, आणि तीसुद्धा आपल्या मित्रांना घेऊन. तीस वर्षं दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढता काढता त्याने ते मनातच दाबून ठेवलं. शेवटी बायकोच वैतागली. म्हणाली, "करून टाका बाई ते नाटक एकदाचं, म्हणजे आम्ही सुटू."

मग काय, मंडळी जमली. पोस्टमन राजपुत्र झाला, नर्स राणी झाली, आणि बेकरीवाल्याने राजाचं काम मागून घेतलं. राजा पहिल्याच अंकात मरतो, पण त्याचं प्रेत अंक संपेपर्यंत रंगमंचावर असतं. "पाठांतर कमी, आराम जास्त," तो म्हणाला. तालमी त्याच्याच बेकरीच्या मागच्या खोलीत, पावांच्या रिकाम्या ट्रेंच्या मधोमध होत. आठ महिन्यांत गड्याने एक तालीम चुकवली नाही. रोज संध्याकाळी मरायचा आणि दोन मिनिटांत घोरायला लागायचा.

"अरे, प्रेत आहेस तू!" चष्मेवाला त्याला ढोसून उठवायचा.

"मग प्रेत काय जागं असतं?" असं म्हणून हा कूस बदलायचा.

प्रयोगाला दोनशे खुर्च्या भरल्या. राजा ठरल्या वेळी मेला. आता वृद्ध प्रधानाचा, म्हणजे चष्मेवाल्याचा विलाप होता. छाती पिटून, सभागृह दणाणून सोडायचं होतं. त्या एका विलापासाठीच तर हा सगळा खटाटोप! तो गुडघे टेकून बसला. राजा घोरत होता. बारीक का होईना, घोरत होता. पुढच्या रांगेत खुसखुस सुरू झाली.

तीस वर्षांचं मातेरं होतंय या रागाने त्याने चिमटा काढायला हात पुढे केला. मुकुटाखाली, भुवईत पीठ दिसलं. मनगटावर भट्टीचा ताजा चटका होता. म्हणजे हा आजही पहाटे तीनला उठला, भट्टी लावली, सगळं गाव जेवायला बसेल इतके पाव भाजले आणि इथे येऊन मेला. आणि नाटकातलं तर याला ओ की ठो कळत नाही. मग कोणासाठी आला हा आठ महिने? चष्मेवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकं आपल्यासाठी कोणी केलं होतं, आणि आपण त्याला रोज ढोसत होतो.

त्याने हात मागे घेतला, राजाच्या अंगावरची शाल त्याच्या गळ्यापर्यंत ओढली आणि विलाप हळू आवाजात म्हणायला लागला. शब्द तेच होते, पण ते तो त्या एकट्यालाच सांगत होता. ऐकू यावं म्हणून लोक पुढे वाकले. खुसखुस कधी थांबली ते कुणालाच कळलं नाही.

विलाप संपला. ठरल्याप्रमाणे पोस्टमन पुढे आला आणि म्हणाला, "प्रधानजी, महाराजांना उचलू या?"

"नको," चष्मेवाला म्हणाला. हे संहितेत नव्हतं. "फार दमलाय रे माझा मित्र. झोपू दे त्याला."