लेखी उत्तर

कंपनीच्या मालकांना सगळे पाठीमागे शुद्धोबा म्हणत. पाटी दिसली की आधी वेलांटी तपासायची, मग दार उघडायचं, असा त्यांचा खाक्या. स्वतः मात्र जन्मात कार्यालयीन पत्रकांपलीकडे ओळ लिहिली नव्हती. उथळ पाणी; खळखळाट मात्र धबधब्याचा.

कंपनी लोकांना ब्लॉग लिहायला जागा द्यायची. त्यात शुद्धलेखन तपासायची सोय बसवण्याचं काम चिमीकडे आलं. तिच्या मनात साधंच होतं. चुकल्या शब्दाखाली लाल रेघ ओढावी, शेजारी बरोबर शब्द सुचवावा, पुढे लिहिणारा जाणे आणि त्याचा शब्द जाणे.

"विचारायचं कशाला?" शुद्धोबा म्हणाले. "लोकांना कळत असतं तर चुकले असते का? लेख टाकायचं बटण दाबलं की आपोआप सुधारायचं. यादीत नसलेल्या शब्दाच्या जागी जवळचा शब्द. जवळचा नसेल तर गाळा."

"आणि यादी कुठली घ्यायची, साहेब?"

"माझी." त्यांनी आजवरची आपली सगळी पत्रकं तिच्याकडे धाडली. "यात एक चूक दाखवा, कान कापून देतो."

चूक नव्हतीच. चुकायला आत काही असावं लागतं. 'उपरोक्त' होतं, 'सदरहू' होतं, 'विनाविलंब' तर पानोपानी. हसू नव्हतं, रडू नव्हतं, आई नव्हती. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. या शहाण्याने शब्दांनाच मार द्यायला घेतला होता. साहेबांनी सांगितलं तसं चिमीने बसवून दिलं.

तिची मावशी तिथेच ब्लॉग लिहायची. लेकीच्या लग्नावरून मायलेकींचं बोलणं तुटलेलं. लेक आईचा फोन उचलत नसे, पण ब्लॉग चुकवत नसे. चिमीला लेकीनेच ते एकदा सांगितलं होतं. मावशीला सरळ माफी मागता येईना. जे ओठांवर अडतं ते ओवीत वाहतं, म्हणून तिने लिहिलं:

बोलले मी तोडून, चुकलं माझं फार
लेकी उत्तर दे गं, उघडं आहे दार

संध्याकाळी तिचा फोन आला. "चिमे, ती खाली लिहून गेलीय, 'लेखी उत्तर : येणार नाही.' मी हिला नोटीस कधी गं पाठवली?"

चिमीने पान उघडलं. तिथे होतं:

बोलले मी तोडून, चुकले माझे फार
लेखी उत्तर दे, उघडे आहे दार

ती तशीच उठून शुद्धोबांच्या खोलीत गेली आणि दोन्ही ओव्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा सरसावला.

"छान झालंय की. अर्थ लागतोय."

"लागतोय, साहेब. तोच तर घोळ आहे. लागला नसता तर लेकीने आईला विचारलं तरी असतं."

"'लेकी' यादीत नाही, म्हणजे प्रचारात नसणार."

"तुमच्या पत्रकांत नाही. तिथे लेकीचं काय काम? तिला कुणी विनाविलंब हजर राहा म्हणत नाही."

"शुद्धलेखनात भावना आणू नका."

या माणसाशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चिमी जागेवर आली. आपोआप सुधारणं तिने काढून टाकलं, नुसती लाल रेघ ठेवली. उद्या ओरडतील तर ओरडोत. मावशीची ओवी जशीच्या तशी परत लावली आणि मावसबहिणीला फोन केला.

"आईची वकिली करणार असशील तर ठेव फोन."

"वकिली आमच्या साहेबांनी केली. मावशीने लिहिलं होतं ते ऐक."

चिमीने वाचलं. पलीकडे भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला.

"लेकी म्हणाली?"

"लेकी म्हणाली. आणि 'गं' पण. ते तर त्यांनी गाळूनच टाकलं."

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"आत्ता घरी असेल का गं ती?"