मुंग्यांचा निकाल

काकांचा डब्यांवरच्या छापील लेबलांवर काडीचाही विश्वास नव्हता. विश्वास होता तो मुंग्यांवर. घरात खायचं-प्यायचं काहीही नवं आलं, की त्यातलं चमचाभर ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवत. मुंग्या लागल्या तर माल अस्सल. नाही लागल्या तर त्यात रंग नाहीतर रसायन, आणि त्याची रवानगी थेट कचऱ्यात. निकाल लागेपर्यंत अख्खं घर ताटकळत बसे.

त्या आठवड्यात मुंग्यांनी सरबत नाकारलं, बिस्किटं नाकारली, मधही नाकारला. काकांनी सगळं फेकून दिलं. पण काकूंनी घरी केलेल्या जॅमकडेही मुंग्या फिरकल्या नाहीत, तेव्हा त्यांनी बायकोकडे संशयाने पाहिलं.

"यात काय घातलंस?"

काकूंचं डोकं सणकलं. "फळं आणि साखर! तुमच्या मुंग्यांना भूक नसेल!"

भांडी विसळता विसळता सून म्हणाली, "बाबा, खिडकीत मी सोमवारीच मुंग्यांची पावडर टाकलीय. फार झाल्या होत्या."

काकांनी खिडकीत वाकून पावडर निरखून पाहिली.

"म्हणजे," ते शेवटी गंभीरपणे म्हणाले, "आठवडाभरात घरात जे जे आलं, त्यात ती पावडर तेवढी अस्सल निघाली."