बाईंनी माझा ताळा पाहिला

मी एक जुने मेमरी कार्ड आहे मित्रांनो, आणि माझ्या पोटात एक खोट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण न सांगितल्यामुळे एकदा माझ्या हातून फार मोठे पाप होता होता राहिले.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी नखाएवढे, चकचकीत आणि भलतेच ऐटबाज होते. नशिबी आले ते दुरुस्तीच्या दुकानातले टेबल. दुकानाच्या मालकीणताई बिघडलेली यंत्रे नीट करत. यंत्र चालवणारा आतला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, जुना झाला की ताई नवा माझ्यावर उतरवून घेत आणि मला त्या यंत्रात खोचत. सात वर्षांत शेकडो यंत्रे मी मार्गी लावली. "हे माझं हुकमी कार्ड," असे ताई गिऱ्हाइकांना सांगत आणि मी फुलून जाई.

मग एकदा, लिहिणे चालू असतानाच कुणाचा तरी धक्का लागला आणि मी उपटले गेले. आत एका कोपऱ्याला इजा झाली. तिथे लिहिलेले टिकेना. तरी फाइल उतरली की मी नेहमीसारखे 'झाले' म्हणून मोकळे होई. तो कोपरा क्वचितच लागत असे, त्यामुळे माझे बिंग फुटले नाही.

एका दुपारी गणिताच्या बाई आल्या, बरोबर त्यांचे यजमान. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाईंचा आवाज गेला होता. त्याआधी त्यांनी आपल्या आवाजात हजारो शब्द एका यंत्रात भरून ठेवले होते. बटणे दाबून लिहिले की यंत्र त्यांच्याच आवाजात बोले. हल्ली ते अडखळू लागले होते, आणि नव्या फर्मवेअरने ते सुधारणार होते. पण आतला आवाज बाहेर काढून ठेवायची सोय त्या यंत्रात नव्हती. बदल अर्ध्यात अडकला असता तर यंत्र कायमचे मुके झाले असते, आणि बाईही.

ताईंनी नवी फाइल माझ्यावर उतरवली. ती एवढी मोठी, की थेट त्या दुखऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचली. तरीही मी म्हणाले, 'झाले'.

"चारची बस आहे हो ताई," यजमान म्हणाले.

"दहा मिनिटांत देते, काका. कार्ड हुकमी आहे आपलं."

ताईंनी मला उचलले. यंत्राची फट समोर दिसत होती. ओरडावेसे वाटले, पण मला कुठला आवाज? तेवढ्यात बाईंनी बटणांवर बोटे चालवली.

"ताळा... करून... पाहिलात का?"

"कसला ताळा, बाई?" ताई थबकल्या.

"उत्तर आलं... की मी मुलांना... ताळा... करायला लावायचे."

"अगं, त्यांचं रोजचं काम आहे ते!" यजमान कुरकुरले. बाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले, वर्गात मागच्या बाकाकडे पाहत असतील तसे. यजमान गुपचूप स्टुलावर बसले.

ताईंनी मला संगणकाला लावून तपासणी सुरू केली. मला काठोकाठ भरायचे आणि सगळे परत वाचून जुळवायचे, असे चाळीस मिनिटांचे काम. तीस टक्के झाले. पन्नास झाले. आयुष्यभर मला वाटे, आपण पास व्हावे. त्या दिवशी मात्र नापास होण्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. तो कोपरा मोठा लहरी, कधी कधी बरोबरही वागे. साठ. सत्तर. यजमानांची नजर घड्याळावर. एक्काहत्तरला पडद्यावर लाल ओळ उमटली.

ताईंच्या तोंडचे पाणी पळाले. "देवा! हे घातलं असतं तर..."

नवे कार्ड आणले. त्याचाही ताळा झाला. चारची बस केव्हाच गेली होती. फर्मवेअर बदलत असताना तिघेही श्वास रोखून उभे होते. अखेर हिरवा दिवा लागला. बाईंनी लिहिले आणि यंत्र एका दमात बोलले, "चला, आता सहाची बस तरी पकडू या." यजमानांनी गडबडीने डोळे पुसले.

ताई मला केराच्या डब्यात टाकणार, तोच बाई म्हणाल्या, "टाकू नका त्याला. चूक कबूल केली त्यानं."

तेव्हापासून मी ताईंच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटपट्टीखाली आहे. पण मित्रांनो, बाईंचे ते वाक्य मला रोज टोचते. मी काहीच कबूल केले नव्हते. मला विचारले, म्हणून ते बाहेर आले. तेव्हा आम्हा जुन्या, भरवशाच्या वस्तूंवर माया जरूर करा, पण कामाला लावण्याआधी एकदा विचारत चला. आपणहून सांगायला आमची जीभ रेटत नाही.