मागच्या डाव्या टायरचं म्हणणं

मित्रांनो, मला बघायचं असेल तर जरा खाली वाकावं लागेल. कांजूरमार्गच्या एका सोसायटीत पत्र्याच्या शेडखाली एक पांढरी गाडी उभी असते. तिच्या पुढच्या बाजूला, डावीकडे, कडेला चिखल सुकलेला जो जुना टायर दिसतो, तो मी. मूळचा मी मागचा. पुढे कसा आलो, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. रबर, काजळी आणि पोलादी तारा एकत्र करून, साच्यात घालून, चांगलं शेकून मला बाहेर काढलं. साच्यानेच माझ्या अंगावर खोल खाचा पाडल्या. लोकांना ती नक्षी वाटते. मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं आणि मी जरा मिरवायचोही. पण त्या खाचा पावसासाठी असतात. रस्त्यावरचं पाणी त्यांच्यातून बाजूला निघून जातं, म्हणून माझी पकड राहते. खाचा उथळ झाल्या की पाणी थेट माझ्याखाली शिरतं, आणि मग कितीही मनात आणलं तरी मला रस्ता धरता येत नाही.

आम्ही चौघे एकाच दिवशी या गाडीला लागलो. गाडी चंद्रप्रकाश राणे यांची. त्यांचे वडील मालवणकडून गिरणीत कामाला आलेले, हे स्वतः विम्याच्या कचेरीत. माणूस प्रेमळ, पण आपलंच खरं करणारा. आधी गाडी तेच चालवत. मग त्यांच्या बायकोने, सुगंधाताईंनी, बावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला घेतली. त्याला कारण त्यांची थोरली बहीण, नीलाताई. त्या मानखुर्दला एकट्या राहतात आणि आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिससाठी घाटकोपरच्या रुग्णालयात जावं लागतं. रिक्षाचे धक्के खात घरी पोचेपर्यंत त्यांच्या अंगात काही त्राण उरत नसे. सोसायटीतले लोक गालातल्या गालात हसले. सुगंधाताईंनी लायसन्स काढलं आणि वर्षभर एकही फेरी चुकवली नाही. खरं सांगतो, ब्रेकवर इतका मऊ पाय मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

यंदा पावसाळ्याआधी पुढचे दोघे पार गुळगुळीत झाले. त्यांचा दोष नाही. आमच्या गाडीत ओढायचं काम पुढच्यांचं, वळायचं त्यांचंच, ब्रेकचा भारही त्यांच्यावरच जास्त. आम्ही मागचे दोघे निम्म्याहून अधिक झिजलो होतो, पण चालण्यासारखे होतो. म्हणून दोनच नवे घ्यायचे ठरले. दुकानदाराने विचारलं, "कुठे लावू?"

"कुठे म्हणजे? पुढे!" चंद्रप्रकाश म्हणाले. "नारळ गाडीपुढे फोडतात, लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवतात. नव्यांना काय मागे लावणार?"

दुकानात गर्दी होती, वाद कोण घालणार? नव्यांना हळदकुंकू लागलं, त्यांनी ऐटीत लिंबं चिरडली, आणि आम्ही मागे मुकाट बसलो. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा राग आला तो फक्त मानपानाचा. पुढे काय वाढून ठेवलंय ते मलाही कळलं नव्हतं.

श्रावणातल्या एका सकाळी सर नुकतीच येऊन गेली होती. नीलाताई मागच्या सीटवर होत्या. वाटेत एका पुलावरून उतरताना वळण लागतं. सुगंधाताईंचा वेग बेताचाच होता. पुढच्या नव्यांनी रस्ता घट्ट धरला आणि ते छान वळले. आमच्याखाली मात्र पाणी शिरलं आणि मी सुटलो. गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला गेला, गाडी गर्रकन फिरली आणि कठड्याला घासून उलट्या तोंडाने थांबली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. नीलाताईंनी मागून हात घालून बहिणीचा खांदा धरला. "तुझी काय चूक नाय गो, सुगंधा," त्या म्हणाल्या.

गाडी घरी आल्यावर चंद्रप्रकाश जिना उतरून खाली आले. घासलेला पत्रा त्यांनी पाहिला.

"पुढे कोरे टायर आहेत, तरी गाडी फिरते म्हणजे काय? हात कच्चा आहे तुझा. चावी दे इकडे."

"अहो, मी काहीच केलं नाही. आपोआप फिरली ती."

"आपोआप कधी फिरते का गाडी?"

सुगंधाताईंनी चावी दिली. त्या दिवसापासून रोज सकाळी त्या खाली येऊन फडक्याने काच पुसत, पण दार उघडत नसत. आपल्याला खरंच जमत नाही, असं त्यांनाही वाटू लागलं होतं. ते बघून माझा जीव तुटायचा. नीलाताईंच्या दोन फेऱ्या पुन्हा रिक्षाने होऊ लागल्या. शनिवारची तेवढी चंद्रप्रकाश गाडीने करत.

त्यातल्याच एका शनिवारी पाऊस होता. तोच पूल, तेच वळण. मी पुन्हा सुटलो. या वेळी गाडी हातभर सरकली आणि नशिबाने सावरली. चंद्रप्रकाशांनी मागे वळून पाहिलं. नीलाताई डोळे मिटून पडल्या होत्या, त्यांना कळलंच नाही. घरी सुगंधाताईंनी विचारलं, "कसा होता रस्ता?"

"ठीक होता," ते म्हणाले आणि जिना चढून गेले.

मित्रांनो, मी तापट नाही. पण त्या दिवशी मला फार राग आला.

महिनाभराने माझ्यात खिळा घुसला. मी काही तो मुद्दाम घेतला नाही, पण घुसला तेव्हा मला बरंच वाटलं. चंद्रप्रकाशांनी गाडी भाऊरावांच्या पंक्चरच्या दुकानात नेली. भाऊराव म्हणजे या कामात केस पिकलेला माणूस. खिळा काढायच्या आधी त्यांनी माझ्या खाचांवरून बोट फिरवलं.

"साहेब, हे जुने मागे कोणी ठेवले?"

"मीच. नवे पुढे नकोत?"

"सगळे असंच म्हणतात. आता ऐका. पावसात पुढचं चाक घसरलं, तर गाडी वळत नाही, सरळ जाते. तुम्हाला लगेच कळतं. ॲक्सिलेटरवरून पाय काढला की ती बहुतेक वेळा पुन्हा धरते. पण मागचं घसरलं, तर अख्खी गाडी फिरते. आणि मागे काय स्टिअरिंग आहे का, सावरायला? दोनच नवे घेतले तर ते मागे, जुने पुढे. पावसात मागून कधी सटकली का?"

चंद्रप्रकाश हळूच म्हणाले, "दोनदा. एकदा बायकोच्या हातून, एकदा माझ्या."

"हातून नाही साहेब, टायरमुळे."

भाऊरावांनी माझं पंक्चर काढलं आणि आमची अदलाबदल केली. मी आणि माझा जोडीदार पुढे, नवे मागे. पुढच्या जागेची मला किती हौस होती! पण त्या दिवशी तिचं काहीच वाटलं नाही. माझं सगळं लक्ष घराकडे होतं.

आवारात गाडी लावून चंद्रप्रकाशांनी सुगंधाताईंना हाक मारली. त्या हात पुसत खाली आल्या.

"त्या शनिवारी माझीही गाडी सटकली होती," ते म्हणाले. "त्याच वळणावर. तुझी चूक नव्हती. मीच टायर उलटे लावून घेतले होते."

"आणि हे आज सांगताय? ताई महिनाभर रिक्षातून हाल काढतेय."

"लाज वाटली गो."

सुगंधाताईंनी चावी घेतली, दार उघडलं आणि सीट पुढे ओढली.

"बसा शेजारी. आणि वळणावर 'हळू, हळू' करायचं नाही."

पुढच्या जागी काम फार आहे. दिवाळीपर्यंत मी पार झिजेन, आणि त्याचं मला दुःख नाही. माझी एवढीच विनंती आहे की वेळ झाली की मला काढा. जुन्याची माया म्हणून चालवत राहू नका, आणि दोनच नवे आणलेत तर ते मागे लावा. पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. महिनाभर एका बाईला स्वतःच्या हातांचा भरवसा वाटत नव्हता, आणि तिची चूक नाही हे दोघांना माहीत होतं. त्यातल्या एकाला, म्हणजे मला, तोंड नव्हतं. मित्रांनो, तुम्हाला आहे.