कंडक्टरचा दुसरा जबाब

"आधी फोन खिशात टाक. मग डबल बेल देतो," कंडक्टर शत्रुघ्न म्हणाला.

आगाशीच्या थांब्यावर बस भरून उभी होती. स्टिअरिंगवर कोपर टेकून निमिष अंगठ्याने टाइप करत होता.

"काका, ग्रुपवर टाकतोय. कुठे पोचलो, पॅसेंजर किती. नाही टाकलं तर डेपोतला साहेब झापतो."

"मग टाकून घे. थांबलोय मी."

"थांबून टाकलं की लेट होतो. लेट झाला तर पण झापतो. चालू गाडीतच टाकतो ना सगळे!"

मागून एकजण ओरडला, "ओ मास्तर, दोरी ओढा की! हाताला मुंग्या आल्या काय?"

"झोपलेत ते. तिकीट मागा, म्हणजे उठतील!" दुसऱ्याने भर घातली. बस हसली.

शत्रुघ्न हसला नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने कोणावर आवाज चढवला नव्हता. तीन आठवड्यांपूर्वीसुद्धा नाही. त्या सकाळी अर्नाळ्याची रिटा मासळीची पाटी घेऊन बोळींजला उतरली आणि बसच्या पुढून रस्ता ओलांडू लागली. निमिषची मान फोनमध्ये होती. शत्रुघ्नने ते पाहिलं आणि सवयीने दोरी दोनदा ओढली. बस निघाली. रिटाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलिसांना द्यायचा जबाब साहेबांनीच लिहून आणला होता, 'महिला अचानक समोर आली.' शत्रुघ्नने सही केली. साहेबांच्या केबिनच्या दारावर स्टिकर होता, 'वाहन चालवताना मोबाइल वापरल्यास दंड व कैद.' आणि त्याच दाराआड बसून साहेब दर पाच मिनिटांनी चालत्या बसच्या ड्रायव्हरांना मेसेज करत, 'कुठे आहेस?'

"काका, द्या ना डबल," निमिष म्हणाला. अंगठा अजून चालूच होता.

"ठेव तो फोन!" शत्रुघ्न इतक्या जोराने ओरडला की हसणारे गप्प झाले. "एका बाईचा पाय घेतलास. मी घेतला, तू घेतलास, त्या साहेबाने घेतला. अजून कोणाचा पाहिजे?"

निमिषने फोन खिशात टाकला. बस निघाली.

विरारला पोचेपर्यंत कोणीतरी डेपोत कळवलं होतं; शत्रुघ्नला साहेबांचा फोन आलाच. "काय तमाशा लावलाय बसमध्ये? बाईचं प्रकरण मिटलंय. आता तोंड उघडलंत तर ड्रायव्हर आत जाईल आणि तुम्ही घरी बसाल. खोटी सही तुमची आहे, लक्षात ठेवा."

"माझीच आहे," शत्रुघ्न म्हणाला.

ड्युटी संपल्यावर त्याने एका कागदावर नवा जबाब लिहिला आणि तो अर्नाळ्याला गेला. रिटा ओट्यावर खुर्चीत बसली होती.

"ये मास्तर. पानी पी. आज कसा काय आलास?"

"रिटाबाई, मी जबाब बदलतोय. उद्या पोलिसांत देणार आहे. त्याआधी तुम्हाला दाखवायचा होता."

"मंग त्या दिसाला काय डोले मिटले व्हते तुजे?"

"नाही. उघडे होते."

रिटाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "सगला गाव बोलतो, रिटालाच घाई. नवरा पन बोलतो, पोरगी पन बोलते. तीस वर्सं उतरते मी तिथं. मला घाई? रात्री पडल्या पडल्या मीच इचार करते, खरंच घाई केली काय मी?" तिचा आवाज चिरकला. "आनि तू सही करून घरी जेवत व्हतास!"

शत्रुघ्नने खिशातून कागद काढला.

"वाच काय लिवलंस ते."

तो खालच्या आवाजात वाचू लागला. "ड्रायव्हर मोबाइलवर मेसेज लिहीत होता. हे मी पाहिलं होतं. तरीही बेल मी दिली. रिटाबाईंची काही चूक नव्हती."

"मोठ्यान वाच," रिटा म्हणाली. "त्या बायांना ऐकू जाऊ दे."

समोर तीन बायका बांबूवर बोंबील टाकत होत्या. शत्रुघ्न उभा राहिला. दोन्ही हातांनी कागद धरून त्याने स्वतःच्या नावापासून पुन्हा सुरुवात केली, सगळी आळी ऐकेल अशा आवाजात. एकीचा हात बांबूवरच थांबला. मग दुसरीचा.

रिटा त्यांच्याकडे बघत नव्हती. तिने कापलेल्या पायावरची चादर बाजूला केली, आणि ती ताठ बसून ऐकत राहिली.