आत्याला फुटलेला पान्हा

तांबडी घोडी पहाटे व्याली आणि दुपार व्हायच्या आत गेली. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली होती. बाहेर रक्ताचा थेंब नाही, फक्त हिरड्या पांढऱ्याफटक पडत गेल्या. त्याआधी शिंगरानं तिचा चीक पोटभर ओढला होता, एवढंच काय ते नशीब. नंतरही ते आपल्या लांबलचक पायांवर डुलत तिच्या मानेला ढुशा देत राहिलं.

घोड्यांच्या पैदाशीचं काम बघणारी डॉक्टरीण पागेत, घोडीच्या ठाणाबाहेर पालथ्या बादलीवर बसली होती. तिची स्वतःची मुलगी आठ महिन्यांची; रजा संपवून कामावर येऊन तिला पुरता महिनाही झाला नव्हता. शेजारी मामा उभे होते. ते इथले सगळ्यात जुने मोतद्दार. घोड्यांना खरारा करण्यात, त्यांचं दाणापाणी बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि मालकापासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणायचे.

"बाटलीवर जगेल ते," मामा म्हणाले. "पण माणसांत वाढलेलं घोडं ना धड घोडं होत, ना धड माणूस."

"मग आई शोधू या."

"कुठनं? व्यालेल्या सगळ्यांच्या पोटाशी त्यांची त्यांची पोरं आहेत."

डॉक्टरीण पागेच्या टोकाला बघत होती. तिथे सतरा वर्षांची करडी घोडी एक मागचा पाय सैल सोडून, डोळे अर्धे मिटून उभी होती. बारा वर्षांपूर्वी ती एकदाच व्याली होती. पुढे कितीही उपाय केले तरी गाभण राहिली नाही. मात्र कुंपणापलीकडून दुसऱ्यांच्या शिंगरांवर डोळे वटारायचा, त्यांना शिस्त लावायचा तिला भारी सोस. म्हणून तिचं नाव आत्या.

"हिला दूध आणू," डॉक्टरीण म्हणाली.

मामांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, दोन दिवस तुमच्या डोळ्याला डोळा नाही. घरी जा, झोपा."

पण ती गंभीर होती. तिनं समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी एक लहानशी ग्रंथी असते. दूध तयार करा, असा हुकूम तिथूनच सुटतो. एरवी त्या हुकमावर मेंदूचाच पहारा असतो, तो एका औषधानं उठवायचा. त्याच्या जोडीला दोन हार्मोन द्यायची, म्हणजे आपण गाभण होतो आणि आता दिवस भरले, असं आत्याच्या शरीराला वाटेल. वसंत सुरू आहे, दिवस मोठे होत चाललेत. या उजेडात घोड्यांची शरीरं तशीही जागी असतात.

"दूध येईल एक वेळ औषधानं," मामा म्हणाले. "माया कुठल्या बाटलीत मिळते?"

ती उठून औषधांची यादी करायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून औषधं सुरू झाली. शिंगराला समोरच्या ठाणात ठेवलं, म्हणजे बाटलीनं दूध पाजताना आत्याला ते दिसेल. पहिले चार दिवस काहीच घडलं नाही. आत्या खायची, पेंगायची, माशा वारायची. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं आत यायचं, त्यात पेंढ्याची धूळ इतकी सावकाश तरंगायची की बघता बघता डॉक्टरणीला आपण जागे आहोत की झोपेत, ते कळेनासं व्हायचं. घरी मुलगी रात्रभर उठवायची आणि इथे दिवस असा पाण्याखालून गेल्यासारखा जायचा. घोड्यांचे श्वास, कुठेतरी नळाची धार, दूरवर एखादं फुरफुरणं.

पाचव्या दिवशी आत्याची कास गरम लागली. सहाव्या दिवशी मामांनी सडाला हात लावला आणि तळहातावर चिकट, पिवळसर चार थेंब आले. मामा त्या थेंबांकडे बघतच राहिले.

"अगं आत्याबाई," ते हळूच म्हणाले, "या वयात हे काय आरंभलंस?"

मग दिवसातून पाच वेळा दूध काढायचं ठरलं. जितकं काढावं तितकं वाढतं. डॉक्टरणीच्या वाट्याला दुपारची पाळी आली. एकदा आत्याच्या घामट, उबदार पोटाला कपाळ टेकून ती धार काढत होती, तेव्हा समोरचं शिंगरू भुकेनं किंचाळलं. तिच्या स्वतःच्या छातीत एकदम झिणझिण्या आल्या आणि सदरा ओला झाला. तिच्या बोटांत आत्याची धारही त्याच क्षणी जोरात सुटली. तिनं चमकून वर पाहिलं. मामांनी तोंड फिरवून खुंटीवरचा धुतलेला टॉवेल काढला होता आणि मागं न बघता तिच्याकडे हात लांब केला होता.

ती हसायला लागली. "मामा, मघा मायेचं विचारत होतात ना..."

"मघा कुठं? आठवडा झाला त्याला."

"हो का? बरं. माझी मुलगी झाली ना, तेव्हा पहिले दोन दिवस मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. कोणाचं तरी मूल मांडीवर ठेवलंय, असं वाटायचं. सासूबाईंना सांगायचीसुद्धा लाज वाटली. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं आणि एकदम रडूच फुटलं मला. ते माझ्या मनातून आलं की ग्रंथीतून, मला अजून ठाऊक नाही."

मामा शिंगराची बाटली भरू लागले. मग म्हणाले, "मला काकूनं वाढवलं. तिच्या अंगावर चुलतभाऊ पीत होता, त्याच्या जोडीला मी. मी तिला कधी विचारलं नाही, कुठून आलं म्हणून."

बाराव्या दिवशी आत्या दिवसाला पाच लिटर दूध देऊ लागली होती. सकाळचं ऊन चांगलं वर आल्यावर डॉक्टरणीनं तिला विण्याच्या वेळची अवस्था आणणारं एक इंजेक्शन दिलं. आत्याला दरदरून घाम फुटला, ती शेपूट उचलून अस्वस्थ फिरू लागली. मग खांद्यापर्यंत येणारा हातमोजा चढवून डॉक्टरणीनं तिच्या गर्भाशयाच्या मुखावर थोडा वेळ हातानं दाब दिला. शिंगरू बाहेर येताना बसतो तसा ताण. तो बसला की मेंदू आणखी एक हार्मोन सोडतो, आणि समोर जो जीव असेल तो आपला वाटू लागतो.

मामांनी शिंगरू आत्याच्या नाकाशी आणलं. आत्यानं कान मागे टाकले आणि दात दाखवले. शिंगरू मामांच्या पायांत घुसलं.

"पुन्हा," डॉक्टरीण म्हणाली.

दुसऱ्या खेपेला आत्यानं नुसतं हुंगलं आणि तोंड फिरवलं. डॉक्टरणीनं पुन्हा हातमोजा चढवला. तिसऱ्या खेपेला आत्यानं मान खाली घातली. शिंगराची पाठ, कानांमागची ओली लव, शेपटीचं मूळ, सगळं सगळं ती हुंगत राहिली. आणि मग तिच्या नाकपुड्यांतून एक खोल, कंप पावणारा आवाज आला. पोराला जवळ बोलावण्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामासाठी घोडी तो आवाज काढत नाही. मामांनी तो बारा वर्षांपूर्वी तिच्याकडून ऐकला होता.

शिंगरानं आधी गुडघा चोखला, मग हवा, मग एकदाचा सड सापडला.

मामा ठाणाबाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी लपवलं नाही.

डॉक्टरीण तिथंच पेंढ्यात बसली, पाच मिनिटं म्हणून. तिला झोप लागली. चुटुचुटु पिण्याचा आवाज तिच्या झोपेत शिरला, आणि स्वप्नात ती, तिची मुलगी, तांबडी, आत्या अशी सगळीच एका मोठ्या उजळ माळावर संथपणे चरत होती. कोण कोणाचं, हे तिथे कोणी विचारत नव्हतं. बाहेर मालक चौकशीला आले तर मामांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना दारातूनच परत पाठवलं.

पुढच्या आठवड्यात एकेक करून औषधं थांबवली. डॉक्टरणीला धाकधूक होती. हार्मोन बंद झाली की दूध आटेल, आणि त्याबरोबर मायाही? शेवटचं औषध थांबवल्यावर चौथ्या दिवशी ती सकाळी आली, तेव्हा शिंगरू कुरणात आडवं पसरून झोपलं होतं. आत्या त्याच्यावर सावली धरून उभी होती. डॉक्टरीण दोन पावलं पुढे गेली, तशी आत्या शिंगराच्या आड आली आणि तिनं कान मागे टाकले.

"पुढे नका जाऊ, बाई," मामा कुंपणावरून म्हणाले. "लाथ बसेल."